ट्रकचं इंजिन नंतर बघू, आधी दार उघडा

नमस्कार. आम्ही डेन्व्हरजवळ ऑरोराला राहतो. घरात आम्ही दोघं, आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं, आणि मे ते सप्टेंबर साताऱ्याहून येणारे सासू-सासरे. सहा जणांची हॉटेलं करून दमलो, म्हणून तीस फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे ट्रकमागे ओढायचं चाकांवरचं घर, पसंत केलाय. ब्रोशरमध्ये त्याचं वजन ७,१०० पौंड आणि भरल्यावरचं कमाल वजन ९,००० पौंड लिहिलंय. यंदा यलोस्टोन, पुढच्या वर्षी मोआब, शिवाय उन्हाळ्यात पाच-सहा वीकेंड, एवढाच त्याचा वापर. एरवी तोच ट्रक मुलांना शाळेत सोडायला आणि किराणा आणायला, म्हणजे दोन-चार मैलांच्या खेपा. भांडण असं आहे: नवऱ्याला डिझेलच हवंय. मंडळातल्या मित्राने त्याच्या डोक्यात भरवलंय की गॅसचा ट्रक डोंगरात उंचावर असलेल्या आयझेनहॉवर बोगद्यापर्यंत पोचणारच नाही. त्यासाठी दहा हजार डॉलर जास्त का मोजायचे ते मला कळत नाही. निम्मा वेळ मी चालवणार आहे, आणि मला चढापेक्षा उताराची भीती वाटते. सासरे वेगळंच म्हणतात: 'गॅस नको, सिलिंडर फुटला तर?'
— ओढाताणीत सापडलेली, ऑरोरा, कोलोरॅडो

ताई, आधी सासऱ्यांचं बघू. त्यांना सांगा, इथे पेट्रोललाच गॅस म्हणतात, गाडीत सिलिंडर नसतो. पण ट्रेलर घरी आला की ते त्याच्या नाकाशी जाऊन उभे राहतील आणि तिथे प्रोपेनचे दोन सिलिंडर ओळीने बसवलेले बघून तुमच्याकडे असं बघतील की विचारू नका. ते स्वयंपाकाला आणि हीटरला असतात. त्यामुळे म्हाताऱ्याला अगदीच वेड्यात काढू नका. मी मात्र इथून पुढे पेट्रोलच म्हणणार.

आता तुमचं भांडण. तुम्ही दोघं इंजिनावरून भांडताय आणि ट्रकने किती भार अंगावर घ्यायचा हे कुणीच मोजलेलं नाही. पत्रात ट्रेलरचं वजन आहे, मुलांची वयं आहेत, बोगदा आहे, पण पेलोड, म्हणजे हा अंगावरचा भार, हा शब्द नाही. शोरूममध्ये गेलात की विक्रेता आधी बॉनेट उघडेल. उघडू द्या. तुम्ही ड्रायव्हरचं दार उघडा. चौकटीवर एक पिवळा-पांढरा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून इतक्या पौंडांपेक्षा जास्त वजन घालू नये, असं त्यावर छापलेलं असतं. हा आकडा त्या मॉडेलचा नसून त्या एका ट्रकचा असतो. शेजारी उभ्या असलेल्या त्याच रंगाच्या ट्रकवर तो चारशे पौंडांनी वेगळा निघू शकतो, कारण एकाला सनरूफ आणि आपोआप बाहेर येणाऱ्या पायऱ्या असतात आणि दुसऱ्याला नसतात.

ट्रेलर मागून ओढला जातो, मग त्याचा ट्रकच्या पेलोडशी काय संबंध, असं तुमचा नवरा विचारेल. सासऱ्यांना विचारा म्हणावं. त्यांनी बैलगाडी भरलेली पाहिली असेल. ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळते आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जातं. पुढे जास्त झालं की बैलांच्या माना दबतात. ट्रेलरचं तंतोतंत तसंच. त्याच्या एकूण वजनातला १० ते १५ टक्के भार दांडीवाटे ट्रकच्या हुकावर आला पाहिजे. याला इथे टंग वेट म्हणतात. दहाच्या खाली गेलात तर ट्रेलर हायवेवर शेपूट हलवायला लागतो, आणि ते एकदा सुरू झालं की नवख्या ड्रायव्हरच्या हातात काही राहत नाही. म्हणून हा भार टाळायचा नसतो, पेलायचा असतो. आणि तो पेलोडमधून वजा होतो.

तुमचा हिशेब मी मांडून बघितला. ब्रोशरमधले ७,१०० पौंड विसरा. ते कोऱ्या ट्रेलरचं वजन: त्यात पाणी नाही, गाद्यांवरच्या चादरी नाहीत, कुकर नाही, आणि तुमच्या सासूबाई सोबत घेणार त्या डब्यांतली एकही चकली नाही. नुसतं पाणी घ्या, गॅलनला सव्वाआठ पौंडांच्या वर जातं. पन्नास गॅलनची टाकी भरली की चारशे पौंड झाले. म्हणून कमाल वजन धरायचं, ९,०००. त्याचे तेरा टक्के, ११७० पौंड हुकावर. चार मोठी माणसं आणि दोन मुलं, हात आखडता घेऊन ७८५. ट्रेलर ट्रकला जोडणारा आणि वजन चाकांवर वाटून देणारा हिच, तो स्वतःच शंभर पौंडांचा. मागच्या हौद्यात खुर्च्या, कूलर, मुलांच्या सायकली, जनरेटर मिळून अडीचशे. बेरीज २,३०५ पौंड.

हा आकडा कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. आता एकेक ट्रक बघू.

पहिला अर्ध्या टनी (हे नुसतं वर्गाचं नाव, खऱ्या वजनाशी जुळवू नका), एफ-१५०, सिल्व्हरॅडो १५०० वगैरे. जाहिरातीत तेरा हजार पौंड ओढतो म्हणतात, आणि खोटं बोलत नाहीत. पण ज्या मानक चाचणीतून हा आकडा येतो, तिच्यात गाडीत दोनच माणसं धरलेली असतात, प्रत्येकी १५० पौंडांची. तुमच्याकडे सहा आहेत. या ट्रकांच्या दारावर बहुतेक वेळा दीड हजार ते अठराशेच्या आसपास पेलोड दिसतो. इंजिन कुठलंही असो, बाद.

दुसरा पाऊण टनी, म्हणजे एफ-२५०, रॅम २५००, सिल्व्हरॅडो २५००. तुमचं भांडण खरं याच वर्गात आहे, आणि गंमतही इथेच. यातल्या बऱ्याच ट्रकांचं स्वतःसकट कमाल वजन १०,००० पौंडांवर बांधलेलं असतं. डिझेल इंजिन, त्याचा कूलर, दुसरी बॅटरी, एक्झॉस्टमधला सगळा जामानिमा मिळून पेट्रोलवाल्यापेक्षा पाचशे पौंडांच्या वर जड जातो. कमाल आकडा तोच, ट्रक जड, मग कमी काय होणार? पेलोड. चार दारांचा, फोर व्हील ड्राइव्ह, चामड्याच्या सीटा असलेला डिझेल एफ-२५० घेतलात तर दारावर दोन हजार-बावीसशे दिसणं अगदी सर्रास आहे. त्याच वर्गातला पेट्रोलवाला साधा ट्रक सहज अठ्ठावीसशेच्या पुढे जातो. म्हणजे तुमच्या नवऱ्याच्या स्वप्नातला डिझेल ट्रक पंधरा हजार पौंड ओढेल, पण तुमचं कुटुंब आणि तुमचा ट्रेलर एकदम घेऊन दारावरच्या मर्यादेत निघू शकणार नाही! डिझेलच हवं असेल तर तुम्हाला बहुधा एक टनी ३५००च्या वर्गात जावं लागेल आणि किंमत आणखी चढेल.

आणि एक गोष्ट तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. सहा माणसं बसायला पुढे मधली सीट हवी. वरच्या मॉडेलांत तिथे मोठा कन्सोल असतो आणि ट्रक पाच जणांचा होतो. पुढे सलग बाक मुख्यतः खालच्या मॉडेलांत मिळतो, ज्यांचा पेलोड मुळातच चांगला असतो. दोन्ही कामं एका साध्या, कापडी सीटच्या ट्रकात होतात. सासूबाईंना मध्ये बसवू नका एवढंच, गुडघे दुखतील.

आता मंडळातल्या मित्राचा बोगदा.

यलोस्टोनच्या रस्त्यावर आयझेनहॉवर बोगदा लागतच नाही. तुम्ही उत्तरेला लॅरमी, रॉलिन्स करत जाणार. तिथे भीती चढाची नाही, वायोमिंगच्या वाऱ्याची आहे. आय-८० हायवेचा तो पट्टा वाऱ्यासाठी बदनाम आहे, हलक्या आणि उंच गाड्यांना तो कधीकधी बंदही करतात. तीस फुटी ट्रेलर म्हणजे चालतं शीडच. तिथे अश्वशक्ती कामाला येत नाही. लांब आणि जड ट्रक, नीट बसवलेला हिच, आणि वारा वाढला की पेट्रोलपंपावर गाडी लावून चहा करायची अक्कल, हेच कामाला येतं. पुढे ड्युबॉइसनंतर टोगवोटी खिंड आहे, साडेनऊ हजार फुटांच्या वर. पण पाऊण टनी पेट्रोल ट्रकची दमछाक व्हावी एवढी काही ती नाही.

मोआबला जाताना मात्र बोगदा आहे, आणि त्याबाबतीत मित्राचं निम्मं खरं आहे. बोगदा ११,१५८ फुटांवर. हवा विरळ झाली की टर्बो नसलेल्या पेट्रोल इंजिनाचा दम जातो. दर हजार फुटांना साधारण तीन टक्के धरतात, म्हणजे बोगद्यापाशी जवळजवळ एक तृतीयांश शक्ती गायब. डिझेलला टर्बो असतो, तो हवा दाबून भरतो, त्यामुळे त्याला हा फटका फारच कमी बसतो. फोर्डचं ७.३ लिटरचं पेट्रोल इंजिन ४३० अश्वशक्तीचं आहे, वर ते २९० उरेल. पुढचं गणित मी पाठकोऱ्या पाकिटावर केलं: ट्रक, ट्रेलर, माणसं मिळून साडेसोळा हजार पौंड, ७ टक्के चढ, पन्नास मैलांचा वेग. चाकांशी साधारण दोनशे दहा अश्वशक्ती लागते. गिअरबॉक्समधली गळती धरूनही तेवढी शिल्लक आहे. तर ट्रक पोचेल. पंचेचाळीस-पन्नासने, उजव्या लेनमधून, सामानाच्या ट्रेलरांच्या मागे.

आवाज मात्र होईल. पेट्रोल इंजिन चढावर साडेचार हजार फेऱ्यांवर किंचाळतं आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, आता फुटणार. ते त्यासाठीच बनवलेलं असतं. त्याच चढावर डिझेल दोन-सव्वादोन हजारांवर गुरगुरत चालतं आणि मागच्या सीटवर मुलं झोपून जातात. टॉर्क म्हणजे चाकं फिरवण्याचा जोर, तो डिझेलचा १,०५० पौंड-फूट, पेट्रोलचा ४८५, फरक असणारच. हे सुख खरं आहे, मी ते उपभोगलंय आणि नाकारणार नाही. वर्षातून किती तासांसाठी ते विकत घ्यायचं, एवढंच बघा.

तुमची उताराची भीती मला या सगळ्या पत्रात जास्त शहाणी वाटली. माझे मामा एसटीत ड्रायव्हर होते, कराड-चिपळूण, रोजचा कुंभार्ली घाट. त्यांचा एकच नियम: ज्या गिअरात चढलास, त्याच गिअरात उतर. बोगद्यातून पश्चिमेला बाहेर पडलात की सिल्व्हरथॉर्नपर्यंत सुमारे आठ मैल ७ टक्क्यांपर्यंतचा उतार आहे. बाजूला खडीने भरलेला चढ दिसेल, ब्रेक गेलेल्या ट्रकांनी त्यात घुसायचं असतं. डिझेलला एक्झॉस्ट ब्रेक मिळतो. टर्बोतूनच धुराची वाट आवळतात, इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं, बटण दाबलं की काम झालं. नवख्या माणसाला याने जो धीर येतो त्याची किंमत मी कमी लेखत नाही. डिझेलच्या बाजूने माझ्या मते हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे, टॉर्कपेक्षाही.

पेट्रोल ट्रकमध्ये तेच काम तुम्हाला थोडं हातानं करावं लागेल. बोगद्यात शिरण्याआधीच टो-हॉल मोड, म्हणजे ओझं ओढतानाची गिअरबॉक्सची सेटिंग, चालू. बाहेर पडताना वेग चाळीसवर आणून गिअर हाताने खाली, तिसरा किंवा चौथा. इंजिन पुन्हा किंचाळेल, यावेळी ते तुमच्या बाजूने किंचाळतंय. वेग पंचेचाळीसला गेला की ब्रेक ठामपणे दाबून पस्तीसला आणायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. पुन्हा वाढला की पुन्हा. पाय ब्रेकवर हलकाच ठेवून आठ मैल उतरणारे लोक खाली पोचेपर्यंत जळका वास घेऊन येतात. आणि डॅशबोर्डवरून ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेक कंट्रोलरची छोटी पट्टी घाट सुरू होण्याआधी एकदा बोटाने दाबून बघा: ट्रेलरने मागून ओढून धरल्यासारखं वाटलं पाहिजे. वाटलं नाही तर तिथेच थांबा. पहिल्यांदा हे मोकळ्या रविवारी सकाळी करा, सासूबाईंना घरी ठेवून.

आता शाळा आणि किराणा. इथे मी स्वतःचा मूर्खपणा सांगतो. मी डिझेल घेतलं होतं, हौसेने, आणि घरापासून ऑफिस तीन मैल. डिझेलच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साचला की गाडी स्वतःच तो तापवून काजळी जाळते, पण त्यासाठी वीस-पंचवीस मिनिटं सलग हायवेवर पळवावी लागते. मी तीन मैलांत पोचून किल्ली काढायचो. जाळणं सुरू व्हायचं, अर्धवट राहायचं, पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. दुसऱ्या हिवाळ्यात दिवा लागला, मग गाडी रांगायला लागली, आणि वर्कशॉपने तीन हजार डॉलरांवर बिल लावलं. त्यानंतर दर शनिवारी मी बायकोला 'डिझेलला फिरवून आणतो' सांगून चाळीस मैल रिकामाच हिंडायचो. कुत्रा पाळला असता तर निदान त्याने शेपूट हलवली असती. तुमच्या दोन-चार मैलांच्या खेपा डिझेलला याच वाटेने नेतील.

इंधनाचं गणित पटकन. धरा वर्षाला ट्रेलरसकट तीन हजार मैल, एरवी नऊ हजार. पेट्रोलला गॅलनमागे साडेआठ आणि चौदा, डिझेलला अकरा आणि अठरा मैल. पेट्रोल तीन डॉलर, डिझेल तीन साठ. वर्षाकाठी डिझेलचे वाचतात दोनशे पाच डॉलर. त्यातून डिझेलचा धूर साफ करणारं युरियाचं द्रावण, इंधनाचे फिल्टर, आठऐवजी तेरा क्वार्ट तेल वजा करा, आणि थोड्या अंतरात अठराचं मायलेज कधी मिळत नाही हेही धरा. दहा हजार वसूल व्हायला पन्नासहून जास्त वर्षं, तीही काहीच बिघडलं नाही तर. विकताना डिझेलला भाव बरा येतो, तेव्हा त्यातले काही परत मिळतील हे नवऱ्याने सांगण्याआधी मीच सांगतो.

त्याच्या बाजूचा आणखी एक मुद्दा, कारण एकतर्फी निकाल दिला तर घरी तुम्हालाच त्रास. पन्नास फुटी वरात घेऊन साध्या पेट्रोलपंपावर वळणं ही एक शिक्षा आहे. डिझेलवाला मोठ्या ट्रकांच्या लेनमध्ये सरळ आत, सरळ बाहेर. पेट्रोल घेणार असाल तर सकाळी ट्रेलर जोडण्याआधीच टाकी भरून ठेवा आणि वाटेत आरव्ही लेन असलेले ट्रक स्टॉप आधी हेरून ठेवा. कोलोरॅडोत ८५ ऑक्टेनचं स्वस्त पेट्रोल मिळतं, ते ओझं ओढताना घालू नका, मॅन्युअलमध्ये किमान ८७ लिहिलेलं असतं.

माझं मत: पाऊण टनी, पेट्रोल, पुढे सलग बाकाची सीट, खालचं मॉडेल, दारावर २,३०५च्या वर किमान तीन-चारशे पौंडांची सवड. उद्या तुम्ही बारा-चौदा हजार पौंडांचा फिफ्थ व्हील, म्हणजे ट्रकच्या हौद्यात जोडायचा मोठा ट्रेलर, घेतलात, किंवा दोघं निवृत्त होऊन वर्षाचे सहा महिने रस्त्यावर राहायला निघालात, तर मी तुमच्या नवऱ्याच्या बाजूने उभा राहीन, एक टनी डिझेल घ्या म्हणेन. आज नाही.

आणि ट्रेलर भरून झाला की कुठेही जाण्याआधी ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर, म्हणजे मोठ्या वजनकाट्यावर न्या. पंधरा डॉलरच्या आसपास खर्च येतो. जमिनीत तीन लोखंडी पाट असतात: पुढची चाकं पहिल्यावर, मागची दुसऱ्यावर, ट्रेलरची तिसऱ्यावर. खिडकीच्या उंचीच्याही वर, मोठ्या ट्रकवाल्यांच्या सोयीने लावलेलं एक बटण असतं, ते दाबायला तुम्हाला बहुधा खाली उतरावं लागेल. आतून बाई विचारते, पहिलं वजन का? हो म्हणायचं, मग आत जाऊन पावती घ्यायची. ट्रेलर सोडून नुसत्या ट्रकचं पुन्हा वजन केलंत की दोन पावत्यांच्या वजाबाकीतून ट्रेलरचा ट्रकवर आलेला भार कळतो. सासरे साताऱ्याचे, उसाचा काटा त्यांनी पाहिलेला असणार. ते खाली उतरून पाटाभोवती फेरी मारतील आणि काटा मारलाय का ते बघतील. त्यांना उतरू देऊ नका. त्यांचं वजन त्या ७८५मध्ये धरलेलं आहे.